शेजारच्या खाटेवरचे चित्तेवान

अख्ख्या करवीर इलाख्यात माणसांना चित्त्यासारखं वागवणारा एकच इसम होता, आणि त्याची खाट नेमकी माझ्या खाटेला लागून होती. शाहूपुरीतल्या एका गुळाच्या व्यापाऱ्यानं आमच्यासारख्या थकल्याभागल्या म्हाताऱ्यांसाठी एक लहानसं घर काढलं होतं. तिथं आम्ही सहाजण राहायचो. मी गडमुडशिंगीत मास्तरकी करून आलेलो. बायको गेलेली, मूलबाळ नाही, आणि स्वभाव म्हणाल तर लवंगी मिरचीचा. शेजारच्या खाटेवरचे चाचा आले दरबारच्या चित्तेखान्यातून. महाराजांच्या शिकारीचे चित्ते त्यांनी जन्मभर माणसाळवले होते.

चित्ता बिथरला की त्याच्या डोळ्यांवर कातडी टोपी चढवायची, म्हणजे तो गपगार होतो. ही विद्या चाचांनी आमच्यावर चालवायला घेतली. आमटी पाणचट झाली म्हणून मी एकदा स्वयंपाकाच्या आक्कांवर आवाज चढवला, तर चाचांनी मागून येऊन आपला भलामोठा रुमाल माझ्या तोंडावरून टाकला आणि पाठ थोपटत राहिले. मी आतून बोंबलतोय आणि बाकीचे पोट धरधरून हसताहेत. वाईट याचं वाटलं, की थोड्या वेळानं मी खरोखरच शांत झालो. वर बक्षीस म्हणून पळीतून गूळ चाटवायला आणला. शिकार साधली की चित्त्याला पळीतूनच भरवतात म्हणे. एकदा तर खुद्द आमचे शेठजी झाडलोटीवरून कुणाला तरी फैलावर घेत होते, त्यांच्यावरच रुमाल पडला. झालं, आपलं बिऱ्हाड आता रस्त्यावर, असं मी समजून चाललो. शेठजी रुमालाखाली बराच वेळ बसले, मग बाहेर येऊन म्हणाले, गुळाचा भाव पडल्यापासून आज पहिल्यांदा डोकं निवांत झालं.

हे सगळं मी खपवून घेतलं असतं, पण रात्रीचं काय करावं? चित्त्याला माणसाची सवय राहावी म्हणून चित्तेवान त्याच्या शेजारीच झोपतो. चाचांचं उभं आयुष्य तसं गेलेलं. हात लांब केला आणि कुणाचं ऊबदार अंग लागलं नाही, तर त्यांचा डोळ्याला डोळा लागत नसे. तो हात माझ्या बरगड्यांवर पडायचा, आणि झोपेत माझ्या कानामागं खाजवायचा. खाट हलवा म्हणून मी शेठजींच्या किती विनवण्या केल्या असतील, देव जाणे.

अशात पेठ वडगावहून चाचांचा पुतण्या बैलगाडी घेऊन आला. नवं घर बांधलं होतं, आणि त्यात चाचांसाठी स्वतंत्र खोली. दार लावलं की कुणाची कटकट नाही, असं तो मोठ्या कौतुकानं सांगत होता. चाचांचा चेहरा पडला. पण पोरगं हौसेनं आलंय, त्याला नाही कसं म्हणायचं, म्हणून मुकाट्यानं गाठोडं बांधायला लागले.

खरं तर मी साखर वाटायला हवी होती. पण कुठून कोण जाणे, मी उठलो आणि त्या पुतण्यावरच खेकसलो.

"खोली घेऊन काय करायचीय त्यांना? हात लांब केला तर भिंत लागंल."

त्यानं माझ्याकडं पाहिलं, जरा विचार केला आणि म्हणाला, "मग मास्तर, तुमीबी चला की. दोन खाटा मावत्यात."

मला 'चला' म्हणणारं माणूस किती वर्षांत भेटलं नव्हतं. चाचांनी गाठोडं खाली ठेवलं.

"न्हाय रं बाबा, मी न्हाय येत," ते पुतण्याला म्हणाले. "ह्यो मास्तर आत्ता कुठं हाताखाली आलाय. अर्धवट माणसाळलेलं जनावर सोडून गेलं, की ते परत कुणाच्या हाताला लागत न्हाय."

जनावर म्हटल्याचा मला राग यायला हवा होता. मी पाठ फिरवून नाक शिंकरलं. पुतण्या जेवून आल्या गाडीनं परत गेला.

चाचा मग अखेरपर्यंत आमच्यातच राहिले. एका पहाटे त्यांचा हात माझ्या खांद्यावर होता, नेहमीसारखाच, फक्त गार पडलेला. मला त्यांची फार आठवण येते. त्यांनी मला पुरतं माणसाळवून ठेवलं, आणि आता मला एकट्याला झोप येत नाही.