दाजींची घास-घोट पदयात्रा: सातारा ते सांगली

ताईने मला घरी बोलावलं आणि चहा पुढे ठेवण्याआधीच विषय काढला. "हे नोकरी सोडायला निघालेत. राजीनामा लिहून ठेवलाय. तू यांच्याबरोबर जा, काय ते डोळ्यांनी बघ आणि मला खरं सांग."

"हे" म्हणजे आमचे दाजी. शिरवळच्या एका कारखान्यात इंजिनिअर, घर साताऱ्यात. मी तेव्हा साताऱ्यात एका शाळेत गणित शिकवत होते. नव्वदचं दशक निम्मं सरलं होतं. कारखान्याने नवं यंत्र मागवलं आणि ते शिकायला दाजींना महिनाभर स्पेनला धाडलं. स्पेनच्या उत्तरेला बास्क लोकांचा मुलूख आहे, तिथे. यंत्राबद्दल त्यांनी आल्यावर चकार शब्द काढला नाही. त्यांनी आणलं ते एवढंच: एक काळी, चपटी, लोकरीची टोपी, दात कोरायच्या काड्यांची चार पाकिटं आणि एक कल्पना. म्हणे तिकडे लोक चालत चालत खातात. एका ठिकाणी काडीला टोचलेला एक घास, वर एक घोट, की पुढच्या ठिकाणी. बरोबर वाटाड्या असतो, तो प्रत्येक घासाचा इतिहास सांगतो, आणि लोक त्याला त्याचे पैसे देतात.

"आणि आपल्याकडे काय कमी आहे?" दाजी हात पसरून विचारायचे.

कमी काहीच नव्हतं. म्हणून त्यांनी "घास-घोट पदयात्रा" काढली. तीन दिवस, सातारा ते सांगली. पाय दुखतील तिथे एस.टी. माणशी साडेतीनशे रुपये, जेवण धरून. फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही निघालो. आम्ही म्हणजे दाजी, मी, दादरचे श्री. व सौ. प्रधान, आणि इन्याकी. इन्याकी खराखुरा बास्क होता, यंत्र बसवायला तिकडून शिरवळला आलेला. चाळिशीचा, रुंद खांद्यांचा, कमी बोलणारा. दाजींनी त्याला परीक्षक म्हणून फुकट घेतलं होतं. तो "उत्तम" म्हणाला की राजीनामा कारखान्याच्या टेबलावर पडणार होता.

पहिला दिवस: सातारा आणि माहुली

सकाळी आठला कंदी पेढ्यांच्या दुकानापासून सुरुवात. दाजींच्या डोक्यावर ती लोकरीची टोपी. त्यांनी पाच पेढे घेतले, चाकू मागितला आणि प्रत्येकाचे चार तुकडे करून त्यात काड्या खोचायला लागले. दुकानदार बघत राहिला.

"आख्खा खावा की वो. पाव पेढा म्हंजे काय प्रसाद वाटताय व्हय?"

"ही पद्धत आहे," दाजी म्हणाले.

"आसंल," दुकानदार म्हणाला आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.

तिथून संगम माहुलीपर्यंत चालत. तासाभराची वाट आहे, आता रस्ता मोठा झालाय, तेव्हा झाडं होती. वाटेत दाजी सांगत होते की कृष्णाकाठच्या वांग्याची चव पाण्यात असते, मग म्हणाले मातीत असते. प्रधानांनी दोन्ही लिहून घेतलं. प्रधान सगळंच लिहून घ्यायचे. सौ. प्रधान दर फर्लांगाला "किती अस्सल आहे ना!" म्हणायच्या. एकदा तर त्या कचऱ्याच्या ढिगाऱ्याकडे बघून म्हणाल्या.

माहुलीत दाजींच्या शाळासोबत्याचं घर. त्याची बायको, शालनवहिनी, पहाटेपासून चुलीपुढे होती. भरली वांगी, ज्वारीच्या भाकऱ्या, खर्डा, दही, पाटा-वरवंट्यावरची शेंगदाण्याची चटणी. सहा ताटं मांडलेली, भोवती रांगोळीसुद्धा. दाजींनी खिशातून काड्या काढल्या.

"आवं दाजी," शालनवहिनी म्हणाली, "दात कोरायच्या काड्या जेवायच्या आधी कशाला काढल्या?"

दाजींनी समजावलं की आम्ही फक्त एकेक घास चाखणार, उभ्यानेच, आणि पुढे जाणार. हातातलं भाकरीचं टोपलं वहिनीने खाली ठेवलं नाही की पुढे केलं नाही. तेवढ्यात इन्याकी बूट काढून पाटावर बसला, मांडी घालता येईना म्हणून एक पाय लांब केला, आणि ताट ओढून घेतलं. मग सगळेच बसले. दोन-दोन भाकऱ्या झाल्यावर वहिनीचा चेहरा खुलला. इन्याकी चौथीवर होता.

घोट राहिला होता. बास्क लोक त्यांचं सफरचंदाचं पेय उंचावरून धार धरून ओततात. दाजींनी ताकाचा तांब्या डोक्यावर धरला, पेला गुडघ्याशी, आणि धार सोडली. निम्मं ताक प्रधानांच्या बुटात गेलं. प्रधानांनी विचारलं, "हे मुद्दाम असतं का?"

इन्याकी मोडक्या इंग्रजीत म्हणाला, "आम्ही फेस यावा म्हणून उंचावरून ओततो. हे तर आधीच घुसळलेलं आहे."

मी मनातल्या मनात ताईला पहिला अहवाल लिहिला. तो फारच छान जमला होता.

दुसरा दिवस: म्हसवडची वस्ती

सकाळच्या एस.टी.ने दहिवडीवरून म्हसवड. तीन तास धरा आणि उजवीकडची खिडकी घेऊ नका, ऊन तिकडूनच येतं. दहिवडी सुटली की हिरवा रंग संपतो. दाजींनी तिथल्या एका ओळखीच्या मास्तरांना निरोप धाडून धनगराच्या वस्तीवर "पारंपरिक अल्पोपाहार" ठरवला होता. गावापासून वस्ती चारेक किलोमीटर. बाराच्या उन्हात आम्ही चाललो. लोकरीच्या टोपीखालून दाजींच्या कानशिलावरून घाम गळत होता, पण टोपी काही उतरेना.

वस्तीवर दोन घरं, एक बाभळ आणि काट्यांचं कुंपण घातलेला मेंढ्यांचा वाडगा. बायडाबाई एकटीच होती. साठीची, काटक. मुलगा मोठा कळप घेऊन चाऱ्याच्या शोधात पश्चिमेला गेलेला. तिच्याकडे पाच-सहा मेंढ्या आणि एक शेळी ठेवलेली. आम्हांला बघून ती उठली नाही. वाडग्यात एका आडव्या पडलेल्या मेंढीपाशी ती बसली होती.

दाजींचं लक्ष मेंढीकडे गेलंच नाही. ते आम्हांला बाभळीच्या सावलीत उभं करून बोलू लागले, "इथल्या आहाराची परंपरा बघा. कोरडं, साधं, तेलाचा थेंब नाही. निसर्गाशी जुळवून घेतलेली जीवनशैली..."

"पाऊस न्हाई म्हून कोरडं खातूय," बायडाबाई मान न वळवता म्हणाली. "त्यात कसली परंपरा? तेल मिळालं तर मी बी तळंन की."

प्रधानांनी पेन थांबवलं. हे लिहावं की नाही ते त्यांना कळेना.

इन्याकी तोवर कुंपण ओलांडून आत गेला होता. तो मेंढीजवळ उकिडवा बसला, तिच्या पोटावर हात ठेवला आणि बायडाबाईकडे बघून आपलाच एक हात कोपरात मुडपून दाखवला. कोकराचं डोकं दिसत होतं, पण पुढचा एक पाय आत दुमडून अडकला होता. बायडाबाईने ओळखलं की या माणसाला कळतंय.

"सकाळधरनं आडलीय," ती मला म्हणाली. "माझ्या हाताला आता जोर न्हाई. ह्येला येतंय का, इचार."

मी विचारलं. इन्याकी म्हणाला, त्याचे आजोबा डोंगरात मेंढ्या पाळायचे. शिकायला शहरात जाईपर्यंत त्याचं सगळं बालपण गोठ्यात गेलं होतं.

तिने साबण दिला, गोडंतेल दिलं. घरातलं तेवढंच तेल असावं, बाटलीचा तळ दिसत होता. इन्याकीने घड्याळ काढलं, कोपरापर्यंत हात धुतला. "डोकं धरा," तो ओरडला. सगळ्यांत जवळ दाजी होते. ते गुडघ्यांवर बसले, पांढऱ्या पँटीसकट लेंड्यांत, आणि दोन्ही हातांनी मेंढीचं डोकं छातीशी धरलं. मेंढी हिसके देत होती. दाजींनी डोळे मिटले होते, पण हात सोडले नाहीत. इन्याकीने कोकरू हळूच मागे ढकललं, बोटाने तो दुमडलेला पाय पुढे ओढला, आणि मेंढीने कळ दिली तसं खाली खेचलं. ओलं, पिवळट, हाडकुळं कोकरू जमिनीवर पडलं आणि हललं नाही.

बायडाबाईने समोर दिसलं ते फडकं उचललं आणि कोकराचं नाक-तोंड पुसून त्याला खसाखसा चोळायला लागली. ते फडकं म्हणजे दाजींची टोपी होती, धडपडीत पडलेली. कोकरू शिंकलं. मग बारीक आवाजात ओरडलं. सौ. प्रधान रडायला लागल्या आणि "अस्सल" म्हणायचं विसरल्या.

"नाव काय ह्येचं?" बायडाबाईने मला विचारलं.

"इन्याकी."

"इनामदार व्हय. वाटलंच, हात चांगल्या घरचा हाय."

त्या दिवसापासून तो आमचा इनामदार झाला.

मग तिने चुलीवरून पातेलं उतरवलं. हुलग्याचं माडगं, म्हणजे हुलग्याच्या पिठाची पातळ, गरम पेज, वर लसणाची चव. जर्मनच्या वाट्यांतून सगळ्यांना दिलं. एकेक बाजरीची भाकरी आणि ठेचा. मी आयुष्यात बरंच काही प्यायले, पण उन्हातून आल्यावर त्या गरम माडग्याने जसं गार वाटलं तसं परत कधी वाटलं नाही.

इथे सगळं थांबायला हवं होतं. पण दाजींना एकदम वाटाड्या आठवला. कोकरू उभं राहून आचळ शोधत होतं आणि दाजी म्हणाले, "बायडाबाई, पहिल्या दुधाचा खरवस होईल का हो थोडा? पाहुण्यांना एकेक वडी. हे कुठेच मिळत नाही."

बायडाबाईने त्यांच्याकडे नीट बघितलं. रागावून नाही, लहान मुलाकडे बघतात तसं.

"त्ये त्येचं हाय," ती कोकराकडे बोट करून म्हणाली. "त्येला पिऊ द्या की. तुमचं पोट भरलं न्हाई व्हय?"

परतीचे चार किलोमीटर दाजी सगळ्यांच्या पुढे, एकटे चालले. म्हसवडच्या लॉजवर त्यांनी पँट स्वतः धुतली.

तिसरा दिवस: तासगाव आणि सांगली

विट्याला गाडी बदलून तासगाव. बेदाण्याचा हंगाम होता. शेडमध्ये जाळ्यांवर थर लावून द्राक्षं वाळत होती, आंबट-गोड वास नाकात बसत होता. शेतकऱ्याने ओंजळ भरून बेदाणे दिले. दाजी एक शब्द बोलले नाहीत. प्रधान कासावीस झाले. "याचा इतिहास काय?" त्यांनी दोनदा विचारलं.

"यांनाच विचारा," दाजींनी शेतकऱ्याकडे बोट दाखवलं. शेतकरी अर्धा तास बोलला आणि त्यातलं एकही वाक्य दाजींनी छापून घेतलेल्या माहितीपत्रकात नव्हतं.

सांगलीत दुपारी भडंग घेतलं, खमंग, लसणाचं, अजूनही मिळतं, घ्या. ते खात कृष्णेच्या घाटावर बसलो. दाजींनी अभिप्रायाची वही इन्याकीपुढे धरली. इन्याकीने वही मांडीवर ठेवली, पण उघडली नाही.

"आमच्याकडे संध्याकाळी जे असे फिरतात ते दोस्त असतात," तो म्हणाला. "लहानपणापासूनचे. आज तू पाज, उद्या मी. वाटाड्या नंतर आला, परक्यांसाठी." मग जरा थांबून त्याने विचारलं, "तुम्ही ज्यांच्याकडे जेवलात, ते तुमच्या घरी कधी येतात?"

दाजींनी वहीबरोबर काढलेलं पेन परत खिशात ठेवलं. शालनवहिनी आणि तिचा नवरा माहुलीत, घरापासून तासाभराच्या वाटेवर. लग्नानंतर एकदाही ते दोघं ताईच्या घरी जेवलेले नव्हते. मला ते माहीत होतं.

वही कोरीच परत आली.

घरी

चौथ्या दिवशी दुपारी ताईने दार लावून घेतलं आणि मी सुरू झाले. पाव पेढे, ताकाची धार, प्रधानांचे बूट, लोकरीची टोपी, खरवस. मी नकला केल्या. ताई पोट धरून हसली. मेंढीचं सांगितलं तेव्हा मात्र ती हसायची थांबली.

"यांनी डोकं धरलं?"

"हो. डोळे मिटून."

"प्रधान बाई?"

"रडत होत्या."

"आणि तू?"

मी म्हटलं, "मी बघत होते. तूच तर सांगितलं होतंस बघायला."

ताईने कप उचलले. "मग यांच्यावर तू हसू नकोस," ती म्हणाली. "मी हसते, मला चालतं."

राजीनामा दिला गेला नाही. दाजी शिरवळलाच निवृत्त झाले. पुढच्याच महिन्यातल्या एका रविवारी माहुलीचं जोडपं ताईकडे जेवून गेलं आणि मग ते येणं-जाणं लागून राहिलं. इन्याकी यंत्र बसवून परत गेला. प्रधानांनी मात्र दोन वर्षांत मुंबईहून स्वतःची "अस्सल माणदेश" सहल काढली, दाजींच्या चौपट दराने, आणि त्यात खरवस होता, डेअरीचा.

मी पुढच्या वर्षी एकटीच म्हसवडला गेले. का, ते ताईलाही सांगितलं नाही. वस्तीवर बायडाबाईने डोळ्यांवर हात धरून मला न्याहाळलं.

"कोण वो तुमी?"

"मागच्या साली आले होते. इनामदाराबरोबर."

"आं, इनामदार! आन् त्यो दाजी, मेंढी धरलेला. बरा हाय का त्यो?" तिला सगळे आठवत होते. सौ. प्रधानांचं रडणंसुद्धा. मी काही तिला आठवेना. मी तिथे होते हे मी दोनदा सांगितलं, तिने दोन्ही वेळा मान हलवली, भिडेखातर.

मग तिने शेळीचं दावं माझ्या हातात दिलं. "हुबी का ऱ्हायलीस? धर ह्ये. लय वढती, सोडू नगंस."

ती धार काढायला बसते न बसते तोच शेळीने मला बाभळीपर्यंत फरफटत नेलं, पण दावं मी सोडलं नाही. हाताला वळ उठले. तेवढ्यात लांब रस्त्यावरून साताऱ्याची दुपारची गाडी धुरळा उडवत निघून गेली. त्यानंतरची थेट सकाळी सहाला असते, जाणार असाल तर लक्षात ठेवा.