सौनातलं सोवळं

माझं शिक्षण चौथीपर्यंत, अक्षर कोंबडीचे पाय उमटल्यासारखं, ऱ्हस्व-दीर्घाचं तर विचारूच नका. ही वही कुणाच्या हाती लागलीच तर माफ करा. सिंगापुरात माझ्या अंगातून धूर निघाला होता, त्याची ही हकीकत.

बुकित तिमाहला मुलाच्या कॉन्डोत राहायला आले तेव्हाच सुहासनं बजावलं होतं, "आई, इथं चारचौघांत शोभा होऊ देऊ नकोस हं!" मी कसली करतेय शोभा! मी तर लिफ्टमध्येसुद्धा भिंतीकडे तोंड करून उभी राहते.

शेजारची अँके हॉलंडची. माझे दुखरे गुडघे पाहून म्हणाली, खाली सौनात चल. सौना म्हणजे लाकडाची तापवलेली खोली, बायकांची वेगळी. आमची दुभाषी म्हणजे आठ वर्षांची नात सई, इथल्या लोकांसारखं वाक्याला 'लाह' जोडणारी.

"आजी, ती म्हणते नो क्लोद्स लाह! बाहेरचे कपडे आत डर्टी."

"अगं बाई! आणि तो पोहायचा कॉस्च्युम?"

"तिच्या कंट्रीत तो पण डर्टी. पण इथे बोर्डवर लिहिलंय, कॉस्च्युम मस्ट."

(माझ्या लेखी दोन्ही सारखंच उघडं!)

दोन दिवस विचार केला आणि एकदम उलगडलं. बाहेरचा कपडा आत चालत नाही, म्हणजे हे तर आपलं सोवळं! मग काय, धुतलेलं नऊवारी लुगडं ओलंच नेसले आणि ऐटीत जाऊन बसले.

समोर अँके टॉवेलवर, जन्मली तशी! मी नजर छताला लावली. दोनच मिनिटांत माझ्या लुगड्यातून वाफा निघायला लागल्या. इडलीपात्रात बसल्यागत! देखरेखीच्या चिनी बाईनं काचेतून पाहिलं आणि "फायर! फायर!" ओरडत दार उघडलं.

परक्या बाईपुढे अँके अशी! मी पदर सोडून तिच्याभोवती गुंडाळला. (तिला काहीच वाटत नव्हतं, तिच्या वाटचं मीच लाजत होते.) आता एका लुगड्यात दोघी, आणि दार एकीपुरतं!

"आंटी! वन नो क्लोद, वन टू मच क्लोद! बोथ फाइन!" देखरेखीची बाई कडाडली.

दंड प्रत्येकी वीस डॉलर. अँकेनंच दोघींचा भरला. सुहासला कळू नये म्हणून मी भाजीच्या पैशांतून दर आठवड्याला पाच डॉलर तिला देऊ लागले. ती नको म्हणायची, मी ऐकलं नाही.

चौथ्या आठवड्यात लिफ्टशेजारी सौनाच्या नियमांचं नवं चित्र लागलं. नऊवारी, अंबाडा आणि वर लाल फुली! सुहास पोट धरून हसला.

"आई, कोण गं ही बावळट?"

सईनं दोन्ही हातांनी तोंड दाबलं.

"असेल कुणी," मी भिंतीकडे तोंड करून म्हटलं. आणि वर जाऊन अँकेच्या हातात शेवटचे पाच डॉलर ठेवले. वीसच्या वीस फिटले!