अण्णांनी ओळखलेला तिसरा माणूस

कॉलेजात इंग्रजीच्या विषयासाठी मी दूरदेशीच्या निषेधगीतांवर बारा पानं लिहिली होती. कातडीचा रंग बघून ज्यांना गुन्हेगार ठरवलं, काही न करता जे तुरुंगात गेले, अशा माणसांची गाणी. शिकवणाऱ्या बाईंनी शेवटच्या पानावर चांगला शेरा दिला. हे सगळं मी चुलतबहिणीच्या हळदीच्या आदल्या दिवशी आत्याला सांगितलं, ते केवळ ती विचारत राहिली म्हणून. मी आपण होऊन घरात फारसं काही सांगत नाही. मी इंग्रजी शाळेत शिकलेली, त्यामुळे गावाकडची माणसं माझ्याशी जरा सावकाश बोलतात, आणि मला ते सोयीचं पडतं.

आत्याने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "त्या गाण्यायत शिव्या हायत का?"

"नाहीत."

"हसू येतं का?"

"नाही. दुःखाची आहेत."

"मंग ज्याच्यावर म्हणायचं त्याला लागणार कसं माय?"

ज्याच्यावर म्हणायचं तो माणूस म्हणजे मोसंबीच्या बागेचे अण्णा. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या विहिरीवरची मोटर चोरीला गेली. सूर्य बुडताना बांधाच्या दुसऱ्या टोकाला त्यांना घोंगडं पांघरलेला एक माणूस पाठमोरा जाताना दिसला होता. अण्णांनी माझ्या धाकट्या चुलत्याचं नाव घेतलं. कोर्टात उलटतपासणीत वकिलाने विचारलं, तोंड पाहिलं का? अण्णा म्हणाले, तोंड कशाला पाहायचं, पाठीवरून ओळखलं. आमची सगळी भावकी मेंढरं राखते. थंडी-वाऱ्यात प्रत्येकाच्या पाठीवर तेच काळं घोंगडं असतं. मोटर कधी सापडली नाही, पण चुलत्याला सहा महिन्यांची शिक्षा लागली. अपील केलं, तो जामिनावर घरी आला.

घरी आला, पण कामाला काही लागला नाही. आमच्याकडे शेतकरी मेंढरं रानात बसवून घेतात. कळप दोन-चार रात्री वावरात बसला की लेंड्यांचं खत मिळतं आणि मेंढरंवाल्याला धान्य. शिक्षेनंतर चुलत्याला कुणी बोलवेना. समोर कुणी काही म्हणायचं नाही. फक्त प्रत्येकाचं रान नेमकं त्याच आठवड्यात नांगरलेलं असायचं. कळप पडीक माळावर, आणि चुलता दिवसेंदिवस गप्प. आणखी एक हंगाम असाच गेला तर तो मेंढरं विकणार होता.

आमच्याकडे हळदीला बायका पाहुण्यांवर टोमण्यांची गाणी म्हणतात. त्यांचा नियम सोपा आहे. गाण्यात माणूस आला की त्याने रागवायचं नाही. रागवला तर पुढचं कडवं जास्त वाईट. अण्णा हळदीला येणारच होते, कारण मांडवातलं पिण्याचं पाणी त्यांच्याच विहिरीवरून टँकरने आलं होतं. नव्या मोटरचं पाणी.

आत्याने मला वही घेऊन बसवलं. मी पहिलं कडवं लिहिलं, त्यात 'न्याय', 'अन्याय' आणि 'निष्पाप' हे तिन्ही शब्द होते. मोठ्या काकूने ते वाचून घेतलं आणि म्हणाली, "हे पंधरा ऑगस्टला म्हण." मग त्या दोघींनी भाकरी थापता थापता रचलं आणि मी नुसतं उतरवून घेतलं:

मोसंबीच्या बागंत ऊन कलतं,
अण्णाच्या डोळ्याला भलतंच दिसतं!
बाभळीवर घोंगडं वाळत टाकलं,
अण्णानं बाभळीलाच चोर म्हणलं!

दुसऱ्या कडव्यात अण्णा घोंगड्याखाली चोर धरायला जातात आणि आतून शेळी ढुशी देते. तिसरं कडवं मी इथे लिहिणार नाही.

हळदीच्या दुपारी अण्णा पुढच्या खुर्चीवर बसले होते, शेजारी त्यांची बायको. पहिल्या कडव्याला मांडव थोडा घाबरतच हसला. अण्णाही हसले, हसावं लागतं म्हणून. शेळीच्या कडव्याला त्यांच्या बायकोने पदर तोंडात धरला. तिसऱ्याला तिने तो सोडून दिला.

इथवर मी पाण्याच्या ड्रमामागे निवांत उभी होते. पण आत्याचा बेत गाण्यावर थांबणारा नव्हता. आमच्या भावकीत हळदीला मामा ओळखायचा खेळ असतो. पाच जण डोक्यावरून घोंगडं घेऊन पाठमोरे उभे राहतात आणि पाहुण्याने त्यांतला नवरीचा मामा ओळखायचा. चुकला तर तोंडाला हळद. आत्याने चार जण उभे केले. पाचवा ऐनवेळी मोटरसायकल घेऊन पसार झाला. आत्याची नजर ड्रमाकडे वळली.

"तू उंच हायस. चल."

"मी नाही."

"अगं, आत कोन हाय कुनाला दिसतंय? तुला तर हेच पायजे!"

ते खरं होतं. घोंगड्याखाली मला जेवढं मोकळं वाटलं तेवढं कोणत्याच लग्नात वाटलं नाही. फक्त लोकरीने नाक खाजत होतं.

"ओ अण्णा," आत्या म्हणाली, "आज मामा नका वळखू. मामा कुनीबी वळखतं. आमचा धाकटा भाऊ वळखा. तुमाला तर पाठीवरून येतो वळखू."

अण्णांना उठून जाता आलं असतं, पण मग ते रागावले असं झालं असतं.

"चालायला लावा त्यान्ला," अण्णा म्हणाले. "चाल पायल्याबिगर कसं सांगू?"

आम्ही पाचही जण लिंबापर्यंत चाललो. लोक बघत असले की माझे पाय एकमेकांत अडकतात आणि मी खांदे आत ओढून घेते. चोरासारखं म्हणतात ते हेच असावं.

"तिसरा," अण्णा म्हणाले. आवाजात पक्की खात्री होती. "बिलकुल तोच. खांदे बघा ना. बराबर तसाच चालून राह्यलाय."

"पक्कं?"

"कोर्टात सांगितलं तेच इथं सांगतो. पक्कं."

"फिर गं माय," आत्या म्हणाली.

मी वळले आणि घोंगडं खाली घेतलं. केसांत गजरा होता, तो एका बाजूने लोंबत होता. क्षणभर कुणाला कळेना. मग मागून एक म्हातारी ओरडली, "अगं बया, ही तर कालेजातली!" आणि सगळा मांडव हसत सुटला. पोरं खुर्च्यांवर चढली. मी आयुष्यात इतक्या लोकांकडे एकदम पाहिलं नव्हतं.

बाकीच्या चौघांनीही घोंगडी काढली, तसे अण्णा त्यांच्याकडे बघायला लागले. त्यांच्यातही चुलता नव्हता. तेवढ्यात त्यांच्या खुर्चीमागून एक हात पुढे आला, हातात पितळी तांब्या.

"पानी घ्या, अण्णा," चुलता म्हणाला. पांढरा सदरा, टोपी. तासभर तो तिथेच पाहुण्यांना पाणी देत होता. अण्णांना त्याआधी दोनदा दिलं होतं.

हळद अण्णांच्या बायकोने स्वतः लावली, दोन्ही गालांना, आणि एक बोट नाकाला.

"ऊन डोळ्यावर येऊन राह्यलं होतं," अण्णा म्हणाले.

"आन् त्या दिवशी सांजंला बरं दिसलं?" त्यांची बायको म्हणाली. हे कडव्यात नव्हतं.

हसणं हळूहळू ओसरलं. अण्णांनी तांब्या हातातच धरला होता. "मोटर तर गेल्ती ना माझी," ते खाली बघत म्हणाले.

"गेल्ती," चुलता म्हणाला. "मी कवा न्हाई म्हणलो?"

हळदीचा खेळ हा काही पुरावा होत नाही, हे मला माहीत होतं. निकालाची नक्कल घरात मीच वाचून दाखवली होती. अपिलाची तारीख पुढे ढकलली आहे, आणि अण्णांनी वकिलाला जाऊन काही सांगितलं असेल असं मला वाटत नाही. पण लग्नानंतर चौथ्या दिवशी अण्णांच्या बांधाला लागून ज्याचं रान आहे तो शेतकरी दारात आला. बसला, चहा घेतला, परतूरच्या बाजारातले कापसाचे भाव झाले, आणि उठताना म्हणाला, "तीन रात्री मेंढरं बसव आमच्याकडं. रान मोकळंच हाय."

तिसऱ्या दिवशी सकाळी मी चुलत्याला भाकरी घेऊन गेले. मेंढरं उठत होती, वावर लेंड्यांनी काळं झालं होतं. अण्णा पलीकडे बांधावर उभे. बराच वेळ त्यांनी त्या खताकडे पाहिलं, मग आपल्या बागेकडे.

"इथलं झालं की पुढं कुठं?" त्यांनी विचारलं.

"का बरं, अण्णा?"

"न्हाई, माझं बी रान हाय की."

चुलत्याने भाकरीचा तुकडा मोडला, मिरचीचा ठेचा लावला, सावकाश चावला. इतकं सावकाश खाताना मी त्याला पाहिलं नव्हतं.

"बघू," तो म्हणाला. "लई जनांनी सांगून ठेवलंय. तुमचा नंबर लागला की कळवतो."

अण्णांनी मान हलवली आणि ते गेले. अजून एकानेही सांगून ठेवलं नव्हतं. मी चुलत्याकडे पाहिलं, त्याने माझ्याकडे पाहिलं, आणि मग त्याने मला वही आणायला सांगितली. नंबर लिहायला.