कण्यांतलं पाणी

सत्तरच्या दशकाच्या शेवटी पेट्रोल महाग झालं आणि माझी अक्कल एकदम वाढली. मी तेव्हा माळशिरसकडच्या एका साखर कारखान्यात, मळीपासून स्पिरिट काढणाऱ्या विभागात केमिस्ट होतो; तोही हंगामी. बायको सोलापुरात, शुक्रवार पेठेतल्या एका खोलीत. मी शनिवारी एसटीनं घरी जायचो, सोमवारी पहिल्या गाडीनं परत. कायम झालो तर कारखान्याचं क्वार्टर मिळणार होतं आणि लग्नाला दोन वर्षं झाल्यावर आम्ही एकदाचे एका घरात राहणार होतो. तिनं पडद्यांचं कापडही आणून ठेवलं होतं. खिडक्या किती ते मला सांगता येईना, म्हणून तिनं अंदाजानं चार धरल्या होत्या.

महागड्या पेट्रोलमध्ये आपलं स्पिरिट मिसळावं, असं माझ्या डोक्यात आलं. पण स्पिरिट कितीही वेळा उकळून गाळलं तरी त्यात थोडं पाणी राहतंच. तेवढ्या पाण्यानंही ते पेट्रोलशी नांदत नाही, खाली वेगळं बसतं. चुनकळी टाकून पाणी काढता येतं, पण मग चुन्याचा चिखल उपसत बसा. एका परदेशी मासिकात मी वाचलं, की स्पिरिटची वाफ मक्याच्या भरड्यातून सोडली तर भरडा पाणी तेवढं धरून ठेवतो. मका कशाला, म्हटलं, आपल्याकडे ज्वारी काय कमी आहे? मोठ्या साहेबांना छातीठोकपणे सांगून टाकलं, की येत्या सोमवारी करून दाखवतो. जमलं तर तुमचं कायमचं पत्र मी स्वतः टाइप करून घेतो, असं साहेब म्हणाले.

शनिवारी बायकोला म्हणालो, दोन शेर ज्वारीच्या कण्या करून दे. कशासाठी, तिनं विचारलं. ती माढ्याकडच्या शेतकरी घरातली, सातवी पास, मी एम.एस्सी. तुला कळायचं नाही, म्हणालो. खरं तर चार वाक्यांत सांगता आलं असतं, पण मग माझं एम.एस्सी. कुठं दिसलं असतं?

कण्या सुरेख झाल्या होत्या. एकसारख्या, कोंड्याचा कण नाही. हाताला कोरड्या लागल्या, तेवढ्यावर मी खूश. डबा भरून घेऊन गेलो.

सोमवारी साहेब आणि विभागातली चार माणसं जमली. मी उभ्या नळीत कण्या भरल्या, वाफ सोडली आणि पलीकडच्या तोंडाशी भाजून पांढरा केलेला मोरचूद ठेवला. पाणी लागलं की तो निळा होतो, हे सर्वांना समजावून सांगितलं. बरंच लांबवून सांगितलं. पहिले थेंब पडले आणि मोरचूद निळाशार झाला. साहेबांनी मोजून पाहिलं, तर स्पिरिटात आधीपेक्षा जास्त पाणी निघालं. पाणी काढायला निघालेला मी पाणी घालून बसलो होतो.

"कण्या सदोष आहेत, साहेब," मी लगेच म्हणालो. "घरी केलेल्या."

त्या शनिवारी घरात पाऊल टाकताच तिच्यावर डाफरलो. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"पाणी लावूनच कांडल्या की," ती म्हणाली. "त्याबिगर कोंडा सुटतो व्हय? कशाला पायजेत म्हून इच्यारलं, तर मला कळायचं न्हाय म्हणला."

मग मुकाट्यानं ती चार वाक्यं सांगितली. तिला दुसऱ्याच वाक्याला कळलं. तिनं ज्वारी कोंड्यासकट जात्यावर कोरडीच भरडली, मंद आचेवर हलवत हलवत परतली, गरम असतानाच डब्यात भरली आणि हवा लागू नये म्हणून झाकणाला कडेनं कणीक लिंपली. हे लिंपणं परदेशी मासिकात नव्हतं.

सोमवारी मोरचूद पांढराच राहिला. स्पिरिट पेट्रोलमध्ये मिसळून गेलं. साहेबांनी विचारलं, काय बदललंत? वाळवण्याची पद्धत सुधारली, मी म्हणालो. कुणी, ते त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

पत्र मिळालं. क्वार्टरला दोनच खिडक्या होत्या. साहेबांना जेवायला बोलावलं, तेव्हा उरलेल्या पडद्यांचं कापड आम्ही सतरंजीवर अंथरलं होतं. साहेब कौतुकानं तिला म्हणाले, "पहिल्यांदा त्या घरच्या कण्यांनी घोटाळा केला. पण यांनी डोकं चालवलं हो."

तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं. आता ही सगळं सांगणार, मला वाटलं, आणि लाजेनं कान तापले. तिनं ताकातल्या कण्यांचं पातेलं पुढं ओढलं आणि माझ्या ताटात वाढलं.

"ह्या पाणी लावून केल्यात," ती म्हणाली. "चालतील न्हवं तुमाला?"

साहेब काही न समजता हसले. खरं सांगायची वेळ तीच होती. मी आणखी थोडं ताक मागितलं.