बंद डब्यातला निरोप

माझ्या भावाच्या मरणाची बातमी मला त्याच्याच नावानं आली. संध्याकाळी फोन वाजला, वर नामदेवचं नाव आणि खाली, ‘नामदेव गेले.’ पाठवलं होतं त्याच्या बायकोनं, सुशीलानं, त्याच्या फोनवरून. एवढं कळायलाही मला वेळ लागला…

नामदेव नवलाख उंबरे गावाजवळच्या कंपनीत वायरमन होता. निवृत्त होऊन मळ्यातल्या घरी राहिला. तिथं रेंज नाही. शिवाय गावच्या ग्रुपवर कुणी जमिनीचं बोललं की दुसऱ्या दिवशी एजंट दारात. म्हणून त्यानं नऊ घरांत विजेवर चालणारे रेडिओचे नऊ डबे बसवले आणि घरचे फोन त्यांना जोडून दिले. निरोप हवेतून या डब्यातून त्या डब्यात जायचा. मधे कंपनी नाही, मालक नाही. ज्याचा निरोप त्यालाच उघडायचा; त्याचा डबा बंद असला तर शेजारचा डबा सांभाळून ठेवायचा आणि तो सुरू झाला की पोचवायचा. “आक्का, प्लग काढत जाऊ नको. तू बंद झालीस की मी तुटलो,” तो म्हणायचा. “तूट की, तेवढीच शांतता,” मी म्हणायचे. मिक्सरसाठी मी तोच प्लग काढायचे आणि परत लावायला विसरायचे. तो गेला त्या दिवशीही संध्याकाळीच लावला होता.

पाच आठवड्यांनी माझ्या शेजारचा सोनबा खंडाळ्याच्या बंगल्यावरचं काम सोडून आला आणि घर उघडून त्यानं मेन स्विच लावला. मी भरदुपारी तांदूळ निवडत होते. फोन वाजला… नामदेवचा आवाज. “आक्का, छातीत जड वाटतंय. सुशी कामावर गेलीय. येतीस का जरा?” मागं म्हशीची साखळी वाजत होती. ती म्हैस आम्ही दहाव्यानंतर विकली.

तो गेला त्या दुपारचा निरोप. माझा डबा बंद, म्हणून सोनबाच्या डब्यात गेला. आणि सोनबा तेवढ्यात मेन स्विच पाडून खंडाळ्याला निघाला.

असलं बिनमालकाचं जाळं पुढं टिकेल का, असं भाचे विचारतात. शेजाऱ्यानं प्लग लावून ठेवला तर टिकेल. मी ठेवला नाही.

सुशीला येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, “झोपेतच गेले, कळलं बी न्हाई त्यांना.” मी निरोप पुसला असता तर कुणालाच पत्ता लागला नसता. चार दिवस तसाच ठेवला. मग मळ्यात जाऊन तिला ऐकवला. वाटलं, अंगावर येईल. ती म्हणाली, “परत लावा, वन्सं.” तीनदा ऐकला. मग म्हणाली, “अजून कुणाकुणाचे डबे बंद हायेत? त्यांचा आणखी आवाज असंल त्यात.”

दोन घरं कुलूपबंद आहेत, माणसं पुण्याला. काल ती त्यांच्या किल्ल्या मागत गावात फिरत होती.