अण्णांच्या प्लेअरसाठी पाच डिस्का

डिस्क न चालण्याचे किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही; परत आलेल्या डिस्कांसारखे तेही काउंटरवर साचत जातात. पुढचे किस्से मी संतोषकडून ऐकले. दुष्काळाचा दुसरा उन्हाळा होता आणि एम.एस्सी.चा प्रबंध सीडीवर उतरवून घेण्यासाठी मी गारखेड्यातल्या त्याच्या व्हिडिओ स्टुडिओत बसलो होतो. संवाद शक्य तितके त्याच्याच शब्दांत ठेवले आहेत.

गिऱ्हाईक एकच: मुकुंदवाडीचे अण्णा. मुलीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. लग्न ठरलेल्या मुहूर्तावर झाले, कन्यादान चुलत्याने केले, मुलगी मस्कतला गेली. अण्णांनी त्यातले काहीच पाहिले नव्हते. त्यांना ते दिसावे, एवढ्यासाठी घरात नवा डीव्हीडी प्लेअर आला.

*

पहिली डिस्क दुसऱ्याच दिवशी परत आली. अण्णांच्या पत्नी, काकू, स्वतः रिक्षाने घेऊन आल्या.

"संतोष, ह्याच्यात लगीनच नाय रे! नुसतं 'नो डिस्क' म्हणतंय."

स्टुडिओतल्या कॉम्प्युटरवर मात्र वरातीसकट सगळे दिसले! लोडशेडिंगची वेळ जवळ आली की संतोष 'फायनलाइझ' ही शेवटची पायरी वगळत असे. कॉम्प्युटर अशी अर्धवट डिस्क चालवून घेतो, घरचा प्लेअर घेत नाही.

"लाइट जायच्या आत उरकायचं होतं, काकू."

"व्हय, आमचं लगीन उरकायचंच होतं तुला!"

*

दुसरी डिस्क त्याने नीट पूर्ण केली आणि हौसेने वर वधूवरांचा फोटो चिकटवला. प्लेअर तापला, कागद सुटला, डिस्क आत अडकली. संतोष स्क्रूड्रायव्हर घेऊन मुकुंदवाडीला गेला. अण्णा पलंगावरून तासभर बघत राहिले. झटक्यानंतर त्यांचे बोलणे तुटक झाले होते, तरी ते म्हणाले,

"लग्नाला तरी... एवढा येळ... लागला का रे?"

*

तिसऱ्या डिस्कवर फोटो नव्हता, नावे मार्करने लिहिली होती. तरीही फोन आला.

"काकू, डिस्कला काही लावलं का तुम्ही?"

"म्हंजे? लेकीचं लगीन हाय त्यात. हळदीकुंकू लावल्याबिगर मशिनीत घालू व्हय?"

"कोणत्या बाजूला लावलं?"

"चकचकीत बाजूला. दुसरीकडं तूच लिवून ठेवलंय की!"

प्लेअर डिस्क वाचतो ती नेमकी हीच बाजू.

*

चौथी डिस्क तरी वाया जाऊ नये म्हणून त्याने प्लेअर विकणाऱ्या दुकानदाराला गाठले. कोऱ्या डिस्का दोन जातींच्या मिळतात, 'प्लस आर' आणि 'मायनस आर'. या प्लेअरला कोणती चालते, एवढेच विचारायचे होते.

"प्लस-मायनस सेल में होता मियाँ, डिस्क में कायका!"

संतोषने अंदाजाने 'प्लस' नेली. प्लेअरने ती तीनदा आत घेतली आणि तीनदा बाहेर ढकलली.

*

पाचवी डिस्क 'मायनस' होती. अगदी कमी वेगाने उतरवलेली, पूर्ण केलेली. संतोषने ती स्टुडिओतल्या प्लेअरवर सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहिली, स्वतः मुकुंदवाडीला नेली आणि काकूंना तिला बोटही लावू दिले नाही. काकूंनी मग प्लेअरलाच कुंकू लावले.

चालली! हळद झाली, मंगलाष्टका झाल्या, कन्यादान झाले. अण्णा पापणी न लववता बघत होते. पाठवणी सुरू झाली. मुलगी दारात कॅमेऱ्याकडे वळली, आणि चित्र तिथेच थांबले.

काकूंनी कपाळावर हात मारला. "झालं! बसलं परत!"

संतोष मला म्हणाला, "खरं सांगतो, मला रडूच यायचं बाकी होतं." तरी तो उठला. "अण्णा, उद्या सहावी आणतो."

अण्णांनी डावा हात हलवला.

"नको. पुढं... ती गाडीत बसती."

ती डिस्क स्टुडिओत परत आली नाही. त्या वेळी रिमोट कोणाच्या हाताशी होता, हे मी संतोषला दोनदा विचारले. त्याला आठवत नाही. मुकुंदवाडीला जाऊन विचारणे मला योग्य वाटले नाही, त्यामुळे तेवढा भाग पडताळायचा राहिला.