पट्टे सोडल्यावर

गॅरेजात त्याला सगळे भडकू म्हणत. ठोकलेल्या गाड्यांचे पोचे काढायचं काम, पण हातोडा खाली ठेवला तरी हात चालायचाच. गिऱ्हाइकांशी हमरीतुमरी, शेजाऱ्याचा पाडलेला दात, बायकोच्या कानाजवळून भिंतीवर आपटलेलं ताट. जीव होता तो एकट्या मुलीवर.

मुलीला सेरेब्रल पाल्सी. सहा वर्षांची झाली तरी बसलं की तोल जायचा. बापाने तिच्यासाठी लोखंडी खुर्ची केली, छातीला जुन्या गाडीच्या सीटबेल्टचे पट्टे. ती वाकडी झाली की हा पट्टा आणखी आवळायचा. काखेत वळ उठले. पत्रा सरळ करणाऱ्याला दुसरं काय सुचणार म्हणा.

दवाखान्यात उपचार करणाऱ्या बाईंनी पट्टे सोडले आणि तिला बाकावर बसवलं. ती डुलली, हात टेकला, सावरली. बसली.

"मग घरी का नाही बसत?" म्हणत भडकूने टेबलावर मूठ आपटली. मुलीचे हात फेकले गेले, अंग ताठ झालं, ती मागे कोसळली. बाईंनी वरच्यावर झेललं.

"मोठा आवाज झाला की ती दचकून अशी ताठते," बाई म्हणाल्या. "घरी तुम्ही असता, म्हणून नाही बसत."

त्याचं तोंड एवढंसं झालं. त्या दिवसापासून त्याने घरात तोंडाला कुलूप लावलं. भांडंसुद्धा जपून ठेवू लागला. आणि खरंच, मुलगी पलंगाच्या कडेवर बसायला लागली.

अशीच बसलेली असताना एकदा त्याचा धाकटा भाऊ आला. तिचं डुलणं बघून हसला. "कशाला हाल करतोस दादा? बांधून ठेव की. पोतंच आहे ते."

भडकूने शब्दही काढला नाही. भावाची गचांडी धरून त्याला बाहेर नेलं, दार आवाज न करता ओढून घेतलं आणि मग मारलं. नाकावर, बरगडीत, पडल्यावर पोटात लाथ. तोंड घट्ट मिटलेलं. पोरीला कळणारही नाही, म्हणून वर स्वारी खूशही.

भाऊ गुरासारखा ओरडला.

आत धप्प झालं.

तो धावला. मुलगी फरशीवर पडली होती, कपाळ फुटलं होतं, आई तिच्यापाशी पोचली होती. उचलायला त्याने भावाच्या रक्ताने भरलेले हात पुढे केले. ते पाहून मुलगी आणखीच ताठली.

"तुम्ही बाहेर जा," बायको हळू आवाजात म्हणाली. "तुम्ही गेलात की सैल पडेल ती."